वहीतलं पान

सागरमाळाच्या उतारावर शेवटून दुसरं घर.
फाटकावर पाटी नाही.
ज्यांना यायचं ते भुंकण्याच्या दिशेनं येतात.

पुढच्या खोलीत आधी शिकवण्या घेत होतो मी.
(‘घेत होते’ म्हणा, असं बँकेत बदलून आलेल्या पुण्याच्या बाई सुचवतात.
त्यांची टॉफी मात्र माझं व्याकरण तपासत नाही.)
आता फळ्याखाली चार गोधड्या
आणि फळ्यावर खडूनं:
मिरची – सकाळी अर्धी गोळी, गुळातनं.
बादशा – खिडकीत बसवू नये, समोर मांजर आहे.
टॉफी – रविवारी नेणार. बहुतेक.

सोडायला आलेली माणसं
जाताना कुत्र्याला तारीख सांगतात:
‘दोनच दिवस हं, लगीन उरकून आलोच.’
कुत्रं त्यांच्या चपलांकडं बघतं.
पहिल्या रात्री कुणी जेवत नाही,
मी पण बळं करत नाही.
पातेल्यात भात निवतो,
आणि नवं आलेलं दाराच्या फटीला नाक लावून
अख्खा रस्ता वाचत बसतं.

नारबा सुतार आले जुन्या स्कूटरवरनं.
पुढं, पायांत, इंजान उभा, कान वाऱ्यावर.
झोपेत ऑइल इंजिनसारखा घुरघुरतो, म्हणून इंजान.
नारबांचा जन्म उद्यमनगरात लाकडी साचे करण्यात गेला,
नखांत अजून सागवानाचा भुसा.
‘मिरजेला दवाखान्यात जायचंय. बारकं ऑपरेशन हाय.
चार दिवस धरा.’
मग खुर्चीवर टेकून त्यांनी मलाच लिहायला बसवलं,
सावकाश, पोरांना शुद्धलेखन घालावं तसं:
‘भाकरीचा पापुद्रा काढून द्या, त्येला जड पडतंय.
रात्री रेडिओ लावा, बारीक. कायबी चालंल, माणूस बोलाय पायजे.
आन् किक मारायच्या आधी दोनदा हॉर्न,
न्हाईतर गाडीवर चढत न्हाई. मानी हाय.’
शेवटचंही लिहून घेतलं.
मला कुठं किक मारायची होती.

चार दिवस. मग नऊ. मग फोन लागेना.
‘नेणार’च्या रकान्यात पेन्सिलीनं तारखा लिहीत-खोडत राहिलो,
कागद तिथं लोकरीसारखा झाला.
संध्याकाळी इंजान फाटकाशी.
उतारावरची प्रत्येक दुचाकी ऐकायचा
आणि मान परत पंजांवर.

सव्विसाव्या दिवशी तो आवाजाच्या आधी उठला.
पाण्याचं भांडं उलटं, फाटकाला धडक,
बादशासकट सगळी आळी ओरडायला लागली.
तीच स्कूटर.
वर दुसराच कुणी, डोकीवर खुंटाएवढे केस नुकते उगवलेले.
इंजाननं सीट हुंगली, हँडल हुंगलं,
पोराचे बूट,
पुन्हा सीट.
लाइट गेल्यावर पंखा थांबतो
तसं शेपूट थांबलं.

‘मी विश्वास. चाकणला असतो,’ पोरगा म्हणाला.
पुढचं सांगावं लागलं नाही.
‘किती झाले?’
‘चार दिवसांचे द्या. चारच ठरले होते.’
तो वाद घालायला लागला, म्हणून वही पुढं केली.
पैशाचा रकाना राहिला बाजूला,
तो वरचंच वाचत सुटला.
पापुद्रा. रेडिओ. मानी हाय.
त्याचे ओठ हलत होते.
इतकी वर्षं लाल पेनानं पोरांचं ‘हाय’ खोडलं मी,
तेवढं एकच तसंच ठेवलं होतं, का कुणास ठाऊक.
‘आप्पाच बोलाय लागल्यात,’ तो म्हणाला.

पान फाडून दिलं.
मागं मिरचीच्या गोळ्यांचा हिशोब होता, तो पण गेला. जाऊ दे.

इंजान फाटकातच रोवलेला.
पोरानं चुचकारलं, पट्टा ओढला, बिस्कीट दाखवलं.
मग खिशातनं पान काढून परत बघितलं
आणि हॉर्न दिला.
एकदा.
थांबला.
बटण अडकलं का गळा, मला कळलं नाही.
इंजाननं कान उभे केले,
दुसऱ्याची वाट बघत.